कोणी मोजणारंच नसेल तर पाच असतात का? (अंक, आकार आणि जाणीव)

मासुंदाकाठ · शनिवार, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी. नौपाड्यात दहावीच्या गणिताच्या शिकवण्या घेते. आपल्या बोर्डाचे गणिताचे दोन पेपर, भाग १ बीजगणित आणि भाग २ भूमिती, चाळीस-चाळीस गुणांचे. त्यामुळे दर वर्षी वर्गात दोन तट पडतात. काहींना आकृती काढली की उत्तर दिसतं. काहींना आकृतीचाच धाक, त्यांना समीकरण दिलं की जीव भांड्यात पडतो.

परवा समरूप त्रिकोण चालू होते. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, पृथ्वीवर माणसंच नसती, प्राणीही नसते, तरी त्रिकोण असता ना? डोंगर होतेच की. पण पाच असते का? पाच तर कुणीतरी मोजल्यावर होतात." पुढचा सगळा तास त्यातच गेला. पोर्शन मागे राहिला, पण असे तास व्हायला हवेत असं मला मनापासून वाटतं.

मला तिचं म्हणणं बरंचसं पटतं. आकार समोर येतो तो सगळाच्या सगळा, एकदम. मोजताना मात्र एक, मग दोन, मग तीन, असा वेळ जातो आणि मोजणाऱ्याला आधीचं धरून ठेवावं लागतं. जर्मन तत्त्वज्ञ कांटने १७८१ मध्ये आणि पुन्हा १७८३ मध्ये असंच काहीसं मांडलं: अवकाशाची जी जाण आपल्यात अनुभवाच्या आधीपासून असते तिच्यावर भूमिती उभी, आणि काळाच्या जाणिवेवर अंकगणित. त्याच्या मते दोन्ही आपल्याच बाजूची. मुलगी मात्र त्रिकोणाला बाहेर ठेवते आणि पाचाला आत.

ही वाटणी टिकते का? पुस्तकातलं जरूर लिहा, पण आपापल्या कामातलं आधी सांगा.

घोडबंदररोड · रात्री १०:३१

माणसंच नसती तर घोडबंदरला ट्रॅफिक नसतं, एवढं मी छातीठोक सांगतो. बाकी वाचतोय. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

कोड_महापे · रात्री ११:०२

माझं मत उलट आहे. माझं रोजचं काम थ्रीडी ग्राफिक्सचं. पडद्यावर तुम्हाला डोंगर दिसतो, पाणी दिसतं, पण आत आकार नावाचं काहीही नसतं. त्रिकोणाचे तीन कोपरे, प्रत्येक कोपऱ्याचे तीन आकडे, आणि त्या आकड्यांचे गुणाकार. देकार्तने १६३७ मध्ये वक्ररेषांना समीकरणं दिली तेव्हाच ही वाट खुली झाली. जर्मन गणिती हिल्बर्टने १८९९ मध्ये युक्लिडची भूमिती नव्याने बांधली, आणि ती स्वतःला खोडत नाही हे दाखवताना आधार घेतला तो आकड्यांचा: अंकगणित सुसंगत असेल तर भूमितीही सुसंगत. पाया अंकांचाच आहे.

फिटर_वागळे · रविवार, सकाळी ७:४०

वागळे इस्टेटमध्ये पत्र्याच्या कामात आयुष्य गेलं. कोडसाहेब, तुमचं एक बरोबर आणि एक चूक.

बरोबर ते असं. मोठ्या कामाला गुण्या, म्हणजे काटकोन तपासायचं हत्यार, पुरत नाही, तिथे आम्ही गवंड्यांसारखंच तीन-चार-पाच धरतो. एका बाजूला तीन फूट, दुसऱ्या बाजूला चार, तिरकं पाच भरलं की कोपरा काटकोनात. तिथे आकडेच कोन देतात, वाद नाही.

चूक ते असं. एक फूट बाय एक फूट पत्रा घ्या आणि कोपऱ्यातून कोपऱ्यात कापा. ती तिरकी कड पूर्ण तुमच्या हातात आहे, दोन्ही टोकांसकट. बोट फिरवून बघा. आता तिचा आकडा लिहायला बसा. १.४१४२१३५ आणि पुढे, जन्मभर. जी कड पूर्ण आहे तिचा आकडा कधीच पूर्ण होत नसेल तर पाया आकड्याचा कसा म्हणायचा?

डक्टचं डेव्हलपमेंट, म्हणजे घडी घालण्याआधीचा सपाट नकाशा, काढणारा चांगला कारागीर पत्र्यावर आखायच्या आधी सगळ्या घड्या मनात घालून बघतो. शिकाऊ पोरांना मी विचारायचो, घडी घातल्यावर ही कड कुठे जाईल ते डोळे मिटून सांग. ज्याला सांगता येई त्याला आकडेमोड पुढे शिकवता यायची. नुसत्या आकडेमोडीत हुशार असलेल्याला घडी शिकवणं फार अवघड जायचं.

येऊर_पायवाट · रविवार, सकाळी ८:१५

काकांच्या तिरक्या कडेचं माप बौधायनाच्या शुल्बसूत्रात दिलेलं आहे. एकाला त्याचा तिसरा भाग जोडा, त्या तिसऱ्या भागाचा चौथा भाग जोडा, आणि या शेवटच्या तुकड्याचा चौतिसावा भाग वजा करा. १.४१४२१५६ येतं, दशांशचिन्हानंतर पाच स्थळं अचूक. हे सगळं यज्ञवेदी आखण्यासाठी, दोरी आणि विटांच्या हिशेबात.

कोड_महापे · रविवार, सकाळी ९:०५

काका, आदर ठेवून सांगतो, तुमच्या पत्र्याची कड पूर्ण नाहीच. भिंगाखाली धरलीत की खडबडीत, अणूंपर्यंत गेलात की कडच नाही. तुम्ही ज्या पूर्ण कडेबद्दल बोलताय ती पत्र्यात नाही, तुमच्या डोक्यात आहे.

फिटर_वागळे · रविवार, सकाळी ९:२०

असेल डोक्यात. पण तिथे ती आकड्यांतून आलेली नाही, हे तर खरं? मी आकडे शिकायच्या आधी काठी सरळ आहे की वाकडी हे ओळखत होतो.

ठिपक्यांची_रांगोळी · रविवार, दुपारी १:३०

पाडव्याच्या स्वागतयात्रेच्या आदल्या रात्री आम्ही बायका गावदेवी मैदानात मोठ्या रांगोळीला बसतो, तिथला अनुभव लिहिते.

घरी दारापुढे काढतो ती ठिपक्यांची. मधल्या ओळीत पंधरा, मग वर-खाली एकेक कमी करत एकापर्यंत. ठिपके मांडताना मोजावंच लागतं. एक ठिपका राहिला तर सुरुवातीला काही कळत नाही, पण शेवटी वेल जुळत नाही, कुठेतरी तोंड उघडं राहतं. ठिपके मांडून झाले की मात्र मोजणं थांबतं. पुढचं हाताला कळतं, कुठे वळायचं, कुठे ओलांडायचं.

आता मूळ प्रश्नाशी याचा संबंध. ठिपके मांडताना शेजारी कुणी बोललं तर माझी ओळ चुकते. रेषा ओढताना तासभर गप्पा मारल्या तरी हात चुकत नाही. म्हणजे मोजायला माझी सगळी जाणीव तिथे हजर लागते, आकाराला लागत नाही. मासुंदाताईंच्या विद्यार्थिनीला हेच म्हणायचं असेल का?

घोडबंदररोड · रविवार, दुपारी १:४४

आई ठिपके घालत असताना घरात कुणी तोंड उघडायचं नाही असा नियम होता. त्याचं तत्त्वज्ञान आज कळलं.

वाशी_ओटी · रविवार, दुपारी ४:१०

वाशीला ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, पक्षाघात होऊन गेलेल्यांबरोबर काम करते. रांगोळीताईंचं निरीक्षण फार मोलाचं आहे, पण "आकार बाहेर, अंक आत" या वाटणीला माझ्या कामातून मोठा धक्का बसतो.

मेंदूच्या उजव्या भागाला इजा झालेल्या काही रुग्णांची डावी बाजू त्यांच्यापुरती उरत नाही. डोळे शाबूत असतात. ताटातली उजवीकडची भाजी-आमटी संपते, डावीकडची चटणी-कोशिंबीर तशीच राहते आणि पेशंट म्हणतो, आज कोशिंबीर केली नाही का? रेघेचा मध्य दाखवायला सांगितला तर बराच उजवीकडे दाखवतात. इथवर सगळं अवकाशाचं, म्हणजे भूमितीच्या बाजूचं.

२००२ मध्ये इटलीतल्या संशोधकांनी अशा रुग्णांना कागद न दाखवता, नुसतं तोंडी विचारलं: दोन आणि सहा यांच्या मधोमध कोणती संख्या? बेरीज-वजाबाकी नीट करू शकणारी ही माणसं "पाच" अशी उत्तरं देत होती. संख्यांचा मध्यही उजवीकडे सरकला होता! जणू आत कुठेतरी आकडे रेघेवर मांडलेत आणि त्या रेघेची डावी बाजूही गेली आहे. २००५ मध्ये दुसऱ्या गटाने दाखवलं की रेघेचा मध्य चुकणं आणि संख्यांचा मध्य चुकणं प्रत्येक रुग्णात एकत्र येतंच असं नाही, तेव्हा गोष्ट इतकी सरळ नाही. तरी मला ते पाचाचं उत्तर विसरता येत नाही.

दुसरं टोक म्हणजे गेर्स्टमान सिंड्रोम. तिथे इजा डाव्या बाजूला, मेंदूच्या वरच्या-मागच्या भागात. एकाच माणसाची आकडेमोड जाते, लिहिणं जातं, डावं-उजवं कळेनासं होतं आणि स्वतःची बोटं ओळखता येत नाहीत. बोटं, दिशा आणि हिशेब एकाच जागी शेजारी नांदतात याचं मला कामात रोज आश्चर्य वाटतं.

पारसिक · रविवार, संध्याकाळी ६:५०

ओटीताई, उत्तम प्रतिसाद. वाचनखूण साठवली. पण मेंदूत कुठे काय आहे हा एक प्रश्न, आणि संख्या म्हणजे काय हा दुसरा. दुसऱ्यासाठी तीन हात नाक्यावर चला.

तिथे उभं राहून रस्ते मोजा. सर्व्हिस रोड धरायचे की नाही? उड्डाणपुलावरून जाणारा वेगळा आणि खालचा वेगळा? तुम्ही "रस्ता" कशाला म्हणता ते ठरवलंत की उत्तर पक्कं होतं, त्याआधी उत्तरच नाही. जर्मन तर्कशास्त्रज्ञ फ्रेगेने १८८४ मध्ये नेमकं हे सांगितलं: संख्या वस्तूंच्या ढिगाला लागत नाही, संकल्पनेला लागते. पत्त्यांचा तोच जोड एक आहे आणि बावन्नही. मात्र यातून "मग संख्या मनाची" असा निष्कर्ष त्याने काढला नाही, उलट त्याला त्याचा रागच होता. संकल्पना ठरल्यावर उत्तर कुणाच्या मनावर अवलंबून राहत नाही. अंकगणित त्याला शुद्ध तर्कातून काढायचं होतं आणि भूमितीच्या बाबतीत तो कांटच्याच बाजूचा राहिला. १९०२ मध्ये रसेलने पत्र लिहून त्यातली विसंगती दाखवली आणि त्या योजनेचा पायाच हलला. शेवटच्या वर्षांत फ्रेगे म्हणू लागला की अंकगणिताचा उगमही भूमितीतच शोधावा लागेल.

डच गणिती ब्राउवर बरोबर दुसऱ्या दिशेला गेला. वक्र अवकाशांच्या भूमिती आल्यावर अवकाशाची जन्मजात जाण ही कांटची गोष्ट त्याने सोडून दिली, पण काळाची धरून ठेवली. एक क्षण गेला आणि दुसरा आला, तरी पहिला आठवणीत आहे: या दोनपणातून त्याच्या मते सगळं गणित निघतं. रांगोळीताईंची ओळ बोलण्याने मोडते ती इथेच, असं मला वाटतं.

स्पर्शरेखा · रविवार, रात्री ९:३०

नेरूळला राहतो. जन्मापासून दिसत नाही. फोन वाचून दाखवतो, तसा सगळा धागा ऐकला.

"आकार दिसतो" हे गृहीत धरूनच इथे चर्चा चालली आहे, म्हणून लिहितोय. मला भूमिती आवडायची, शाळेतही. त्रिकोण माझ्याकडे एकदम येत नाही. बोट एका कडेने जातं, कोपऱ्यावर वळतं, पुन्हा जातं, पुन्हा वळतं, आणि निघालं तिथे परत येतं. ताई, तुम्ही मोजण्याबद्दल जे लिहिलंत, वेळ जातो, आधीचं धरून ठेवावं लागतं, ते माझ्या त्रिकोणाला तंतोतंत लागू आहे. तरीही सगळी फेरी झाली की हातात येतो तो अख्खा त्रिकोण, तीन कडांची यादी नव्हे.

आता चालण्याचं. ठाणे स्टेशनात अनोळखी जिना असला की मी पायऱ्या मोजतो. जिना ओळखीचा झाला की मोजणं गळून पडतं. मग कुणी विचारलं पायऱ्या किती, तर मला सांगता येत नाही, पण पाय कधी चुकत नाही. ठिपके आणि रेषांबद्दल रांगोळीताईंनी जे लिहिलं ते वाचून मी खूप खूश झालो, कारण हा अनुभव मी कधी कुणाला नीट सांगू शकलो नव्हतो. मोजणं आधी येतं आणि जागा त्यातून तयार होते, निदान माझ्यात तरी.

बर्नार मोरँ नावाचे फ्रेंच गणिती होते, सहाव्या वर्षी दृष्टी गेलेली. पृष्ठभागाला स्वतःच्या आरपार जाऊ दिलं, पण कुठेही चुरगळू दिलं नाही, तर गोल आतून बाहेर उलटता येतो हे अमेरिकन गणिती स्मेलने सिद्ध केलं होतं. तो कसा उलटतो याची पायरी-पायरीची कल्पना उभी करण्यात मोरँचा मोठा वाटा होता. जी गोष्ट डोळस लोकांना चित्र काढूनही समजत नव्हती ती.

उलट बाजूही सांगतो. १६८८ मध्ये मॉलिन्यूने लॉकला विचारलं होतं: जन्मांध माणसाला दृष्टी मिळाली तर हाताने ओळखीचे असलेले गोल आणि घन तो नुसतं बघून ओळखेल का? दिल्लीत प्रकल्प प्रकाशमध्ये, म्हणजे अंध मुलांना दृष्टी देण्याच्या उपक्रमात, उशिरा शस्त्रक्रिया झालेल्या मुलांवर हे तपासलं गेलं, २०११ मध्ये प्रसिद्ध झालं. लगेच ओळखता आलं नाही. काही दिवसांतच मात्र येऊ लागलं. हाताचा आकार आणि डोळ्याचा आकार जन्मतः एकच नसतात, पण पटकन एक होतात. मग एक कशामुळे होतात?

फिटर_वागळे · रविवार, रात्री ९:५५

स्पर्शरेखा, तुमच्यासारखा माणूस माझ्या शॉपमध्ये हवा होता. कड तपासायची तर आम्हीही बघत नसू, अंगठा फिरवत असू.

खाडीपक्षी · सोमवार, सकाळी ७:१०

ऐरोलीच्या खाडीत फ्लेमिंगो मोजताना कुणी एक-दोन-तीन करत नाही. दहा पक्ष्यांचा तुकडा नजरेत बसवायचा आणि तेवढाच पट्टा थव्यावरून सरकवत जायचा. शंभरांसाठी त्याहून मोठा पट्टा. म्हणजे आम्ही क्षेत्रफळ मोजतो आणि आकडा सांगतो. तीन-चार पक्षी असतील तर मात्र मोजावं लागतच नाही, दिसतातच. २०१५ मध्ये कावळ्यांच्या मेंदूत ठरावीक संख्येला सगळ्यात जास्त प्रतिसाद देणाऱ्या पेशी सापडल्या, तेव्हा "प्राण्यांना पाच नाहीत" असं म्हणताना जपून.

तर्कसंग्रही · सोमवार, सकाळी ११:४५

वर्गातल्या मुलीने जो प्रश्न विचारला तो वैशेषिकांनी, म्हणजे परमाणू मानणाऱ्या जुन्या भारतीय दर्शनाच्या लोकांनी, जवळजवळ त्याच शब्दांत विचारलेला आहे, आणि इतका वेळ तो कुणी काढला नाही म्हणून लिहितो.

त्यांच्या यादीत संख्या हा गुण आहे, रूप-रसाच्या शेजारी. एकत्व वस्तूत असतं, कुणी बघो न बघो. पण दोन, तीन, थेट परार्धापर्यंतच्या संख्या "हा एक, हा एक" अशा बुद्धीमुळे उत्पन्न होतात. तिचं नाव अपेक्षाबुद्धी. ती गेली की द्वित्वही नष्ट होतं. तर्कसंग्रह या त्यांच्या पाठ्यग्रंथात अन्नंभट्ट सांगतात, "द्वित्वादिकं तु सर्वत्रानित्यमेव," म्हणजे दोन वगैरे संख्या सगळीकडे अनित्यच. आणि हा मनाचा खेळही नव्हे: उत्पन्न झालेलं द्वित्व खरोखर त्या दोन आंब्यांत राहतं, बघणाऱ्याच्या डोक्यात नाही. आत की बाहेर हा आपला प्रश्न त्यांनी असा मधून कापला. मला या विचाराची भव्यता शब्दांत सांगता येत नाही.

आकाराचं काय? परिमाण हा वेगळा गुण, सामान्यतः बघणाऱ्यावर अवलंबून नसलेला. इथवर मुलीची वाटणी जशीच्या तशी. पण पुढे पाहा. परमाणू इतका सूक्ष्म की त्याच्या मापातून मोठं माप निघू शकत नाही. निघालं तर आणखी सूक्ष्मच निघेल. दोन परमाणूंचं द्व्यणुक, तीन द्व्यणुकांचं त्र्यणुक, म्हणजे खिडकीतल्या उन्हात तरंगताना दिसतो तो कण. त्याला दिसण्याजोगं माप आलं कुठून? वैशेषिकांचे जुने भाष्यकार प्रशस्तपाद यांचं उत्तर: संख्येतून, तीन या बहुत्वातून. पण संख्या मोजणाऱ्या बुद्धीशिवाय होत नाही, आणि द्व्यणुकं तर आपल्याला दिसत नाहीत. मग मोजली कुणी? ईश्वराने. जाणिवेतून संख्या आणि संख्येतून आकार!

नाणेघाट_रविवारी · सोमवार, दुपारी १२:३०

थोडं अवांतर. मुरबाडकडून नाणेघाट चढून गेलात की वरच्या लेण्यात सातवाहनांचा लेख आहे, यज्ञात दिलेल्या गाई, घोडे, कार्षापणांची यादी आकड्यांसकट. ब्राह्मी अंक, दहा-वीसला वेगळं चिन्ह, शंभर-हजाराला वेगळं, शून्य नाही. त्या भिंतीसमोर उभं राहिलं की वाटतं, गाई कधीच्या गेल्या, आकडे राहिले. तर्कसंग्रही, हे द्वित्व नष्ट झालं म्हणायचं की नाही?

तर्कसंग्रही · सोमवार, दुपारी १:००

द्वित्व गेलं, खूण राहिली. तुम्ही वाचता तेव्हा संख्येचं ज्ञान होतं, त्या गाईंतली संख्या परत येत नाही.

येऊर_पायवाट · सोमवार, दुपारी ३:२०

खूण आणि संख्या वेगळ्या, याला कापरेकरांचं उदाहरण चपखल बसतं. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, जन्म डहाणूचा, १९०५, आणि शालेय शिक्षण आपल्या ठाण्यात. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नसलेली. अंक उतरत्या क्रमाने लावा, त्यातून चढत्या क्रमाने लावलेली वजा करा. ३५२४ घेतली तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. आता कितीही करा, ६१७४ च. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तिथे पोचता.

पण हा स्थिरांक दहाच्या पद्धतीने लिहिण्याचा आहे. पाया बदला, ६१७४ चं हे वैशिष्ट्य जातं. १७ मात्र कुठल्याही पद्धतीत लिहा, मूळ संख्याच राहते. "शोध की निर्मिती" या वादात दोन्ही प्रकार आहेत, आणि कुठला कुठे बसतो हे प्रत्येक वेळी तपासावं लागतं.

पारसिक · सोमवार, संध्याकाळी ७:१५

कोडसाहेबांना एक उत्तर राहिलं होतं. भूमिती अंकांत उतरवता येते, मान्य. पण दोघांचा स्वभाव वेगळाच राहतो. बिंदू, "याच्या-त्याच्या मध्ये असणं" आणि "अंतर सारखं असणं" एवढ्यावर उभी केलेली प्राथमिक भूमिती तर्कशास्त्रज्ञ टार्स्कीने तपासली. तिच्यात मांडलेलं कुठलंही विधान खरं की खोटं, हे ठरावीक रीतीने ठरवता येतं. एकही प्रश्न लटकत राहत नाही. पूर्णांकांच्या अंकगणिताबद्दल तर्कशास्त्रज्ञ गोडेलने १९३१ मध्ये दाखवलं की नियम कितीही नेमके लिहा, ते सुसंगत असतील तर काही विधानं त्यांच्या हाती लागत नाहीतच. ब्रिटिश गणिती पेनरोजने १९८९ मध्ये यावरूनच म्हटलं की गणिताचं आकलन नुसत्या आकडेमोडीतून होत नाही, जाणीव हे यंत्राचं काम नव्हे. बहुतेक तर्कशास्त्रज्ञांना हा युक्तिवाद मान्य नाही, मलाही नाही: आपणही सुसंगत आहोत हे आपल्याला ठाऊक आहे असं त्यात धरून चालावं लागतं. तरी भूमिती मिटते आणि अंकगणित मिटत नाही, हा फरक मला या सगळ्या विषयातला सर्वात खोल फरक वाटतो.

मासुंदाकाठ · सोमवार, रात्री १०:४०

एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. मनापासून आभार.

माझं मत आता असं झालंय. "आकार एकदम येतो" हे मी डोळस माणसाच्या बाजूने लिहिलं होतं. स्पर्शरेखा यांच्या त्रिकोणालाही मोजण्याइतकाच वेळ लागतो. डोंगर त्रिकोणी आहे म्हणताना आपणच त्याच्या दोन उतारांना सरळ रेघा मानतो, म्हणजे तिथेही "हे एकत्र धर" असं करणारं कुणीतरी लागतं. तेव्हा अपेक्षाबुद्धी आकारालाही लागते असं म्हणायला मी तयार आहे. फरक एवढाच की आकारात ते धरणं पुढे सवयीत मुरून जातं आणि मोजण्यात दर वेळी नव्याने करावं लागतं. उद्या वर्गात डोळे बांधून त्रिकोण हाताळायला देणार आहे, आणि ठिपके मांडताना मुद्दाम बोलणार आहे.

कोड_महापे · सोमवार, रात्री ११:१५

ताई, घाई करू नका. अमेरिकेतले सिकाडा नावाचे किडे जमिनीखाली राहतात आणि काही जाती तेरा, काही सतरा वर्षांनी एकदम बाहेर येतात. चुकून एखादाच मागेपुढे. माणूस त्या खंडावर पोचण्याच्या कितीतरी आधीपासून हे चाललं असणार. सतरा तिथे काम करतायत आणि मोजणारं कुणी नाही. अपेक्षाबुद्धी कुणाची?

तर्कसंग्रही · मंगळवार, सकाळी ६:५०

हा अगदी त्र्यणुकाचाच पेच आहे. संख्या काम करतेय, मोजणारा दिसत नाही. न्याय दर्शनाचे उदयनाचार्य यांनी न्यायकुसुमांजलीत ईश्वराच्या अनुमानांची यादी दिली तिच्यात "संख्याविशेषात्" हा एक हेतू घातला तो यासाठीच: संख्या कार्य करते, म्हणून तिला धरणारी बुद्धी असलीच पाहिजे. तुम्ही त्याच जागेवरून उलटं निघता: बुद्धी नाही, म्हणून संख्येला बुद्धी लागत नाही. पण मग सांगा, सतरा राहते कुठे? आज फक्त एक वर्ष चालू आहे. गेलेली सोळा आता नाहीत.

कोड_महापे · मंगळवार, सकाळी ९:३०

किड्याच्या शरीरात राहते. २००० साली प्रसिद्ध झालेला प्रयोग आहे. हे किडे मुळांतला रस पितात. पीचच्या झाडांना एकाच वर्षात दोनदा बहर आणला, तर त्यांच्या मुळांवरचे सिकाडा एक वर्ष आधी बाहेर आले. म्हणजे ते काळ मोजत नाहीत, झाडाचे बहर मोजतात. मोजतात हे मान्य करतो. पण जाणीव न लागता मोजणं होऊ शकतं, एवढंच माझं म्हणणं.

वाशी_ओटी · मंगळवार, दुपारी २:०५

मग आकाराचंही तसंच म्हणावं लागेल. १९८८ मध्ये दोन ब्रिटिश संशोधकांनी डावी बाजू हरवलेल्या एका बाईंना घराची दोन चित्रं दाखवली. एका घराच्या डाव्या बाजूला आग लागलेली, बाकी सगळं सारखं. त्या म्हणाल्या, दोन्ही घरं एकसारखी आहेत. यातल्या कोणत्या घरात राहायला आवडेल, असं पुन्हा पुन्हा विचारलं. हा काय वेडा प्रश्न, असं त्यांना वाटत होतं, तरी बहुतेक वेळा त्यांनी आग नसलेलं घर निवडलं.